माणशी एक पासवर्ड

लातूरच्या ट्यूशन एरियात वसतिगृहांचे फ्लेक्स वाचत निघालं की यादी थोड्याफार फरकानं तीच भेटते: आरओचं पाणी, सोलर, सीसीटीव्ही, घरगुती मेस, वाय-फाय. नांदेडला श्यामनगर, बाबानगरकडे गेलात तरी तीच. नीटच्या, जेईईच्या तयारीला उदगीर, अहमदपूर, हिंगोली, परभणीपासून लेकरं येतात आणि खोली बघायला आई-बाप बरोबर येतात. मेसची भाजी चाखून बघतात, गच्चीवर जाऊन पाण्याची टाकी बघतात, खिडकीला जाळी आहे का ते बघतात. वाय-फायबद्दल मात्र एकच प्रश्न असतो. "आहे ना?" "आहे की, हायस्पीड." विषय संपला.

खरा विषय रात्री साडेनऊला सुरू होतो. क्लास सुटलेले, जेवणं उरकलेली, आणि इमारतीतली सगळी पोरं एकदाच रेकॉर्डेड लेक्चर उघडतात. मालकाला फोन जातो: "मालक, नेट चालंना." उत्तर ठरलेलं: "राउटर बंद करून चालू करा." तसं केलं की सगळेच तुटतात, ज्याचा फोन आधी जोडला जातो त्याची दहा मिनिटं बरी जातात, आणि पुन्हा चक्र फिरायला लागतं.

साठ पोरांचं वसतिगृह धरून हिशेब मांडू. १०० एमबीपीएसची लाइन साठ जणांत सारखी वाटली तर माणशी दीड एमबीपीएसच्या जरा वर येतं. तेवढ्यात फळ्यावरचं लेक्चर बऱ्यापैकी दिसतं. पण वाटणी सारखी होतच नाही. एखादा पठ्ठ्या गेमचा अपडेट लावून झोपी जातो आणि उरलेले एकोणसाठ जण गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत बसतात. शिवाय 'अनलिमिटेड' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच फायबर योजनांत महिन्याला ३.३ टीबीची मर्यादा असते; ती ओलांडली की वेग पार खाली येतो. ३,३०० जीबीला साठांनी भागा, मग तिसांनी भागा: माणशी रोज १.८३ जीबी. सगळ्यांनी रोज दोन-दोन जीबी वापरले तर अठ्ठाविसाव्या दिवशी कोटा खलास. यात कुणी चोरी केलेली नाही, कुणी वावगं वागलेलं नाही. नुसतं मोजलेलं नाही.

वाटपाचा प्रश्न लातूरला शिकवायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. टाकी कितीही मोठी असो, कुणाच्या घागरीत किती जातं हे कुणी तरी बघावं लागतं, हे त्या उन्हाळ्यात घराघरांत कळलं होतं. वाय-फायच्या बाबतीत तेच शहाणपण अजून राउटरपर्यंत पोचलेलं नाही. तिथे सगळ्या इमारतीला एकच पासवर्ड असतो, आणि तो बहुधा वसतिगृहाचं नाव आणि पुढे १२३ असा असतो.

एकच पासवर्ड गुपित राहत नाही, हे सांगायला नकोच. अँड्रॉइड १० पासून जोडलेल्या वाय-फायचा क्यूआर कोड फोनच्या सेटिंगमध्येच दिसतो. मित्रानं स्कॅन केला की तो आत. पासवर्ड तोंडानं सांगायचीही गरज नाही. मालकानं चिडून पासवर्ड बदलला तर संध्याकाळपर्यंत नवा पासवर्ड शेजारच्या वसतिगृहात असतो. मग मालक पुढची पायरी चढतो: राउटरच्या यादीत जास्त डेटा ओढणारा फोन शोधायचा आणि त्याचा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक, बंद करायचा. काही वर्षांपूर्वी हे चालायचं. आता अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन दर नेटवर्कला स्वतःचा खरा क्रमांक न देता एक बनावट क्रमांक देतात. हे ग्राहकाच्या खासगीपणासाठी केलेलं आहे आणि योग्यच आहे. पण सेटिंगमध्ये जाऊन 'रँडम'च्या जागी 'फोनचा मॅक' निवडला की तोच फोन राउटरला नवा पाहुणा वाटतो. हे अकरावीच्या पोरांना आधी कळतं, मालकाला नंतर.

म्हणजे यंत्र ओळखून भागत नाही. माणूस ओळखावा लागतो.

*

माणूस ओळखायची पद्धत जुनी आहे, वाय-फायहूनही जुनी. १९९१ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या विद्यापीठांचं जाळं चालवणाऱ्या 'मेरिट नेटवर्क' या संस्थेपुढे एक अडचण होती. ठिकठिकाणी मोडेम बसवलेले, लोक फोन लावून आत येणार, आणि प्रत्येक ठिकाणच्या यंत्रात ग्राहकांची वेगळी यादी ठेवायची म्हणजे गोंधळ. कॅलिफोर्नियातल्या 'लिव्हिंग्स्टन एंटरप्रायझेस' या कंपनीनं त्यावर तोडगा दिला: दारं कितीही असोत, यादी एकाच जागी. दारावरचा पहारेकरी नाव आणि पासवर्ड विचारणार, तो मुख्य सर्व्हरकडे पाठवणार आणि सर्व्हर सांगेल तसं वागणार. या पद्धतीचं लांबलचक इंग्रजी नाव आहे, त्याची आद्याक्षरं जोडून झालं 'रेडियस'. जून २००० मध्ये तिचे नियम आरएफसी २८६५ आणि २८६६ या दोन दस्तऐवजांत पक्के झाले आणि आजही तेच चालतात. पहिल्यात ओळख पटवण्याचे नियम, दुसऱ्यात हिशेबाचे. ओळख आणि हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या दोन क्रमांकांतच दिसतं. पुढचा अर्धा गोंधळ ते विसरल्यानं होतो.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सामान्य लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं तेव्हा व्यक्तिगत ग्राहकाला २५० तासांचे ५,००० रुपये पडत. तेव्हाही माणशी एक नाव, एक पासवर्ड आणि तासांची मोजदाद. पुढे बीएसएनएलचं संचारनेट कार्ड आलं. ते खरवडून क्रमांक टाकायचा आणि तास मोजत बसायचं. ते करणारी पिढी आज चाळिशीच्या पुढे आहे आणि तिचीच मुलं आता ट्यूशनला येतात. त्यांना हे सगळं परकं वाटू नये.

खरं तर नांदेड-लातूरच्या कित्येक घरांत रेडियस आजही रोज चालतं, फक्त नाव कुणी घेत नाही. केबलवाल्यानं फायबर दिलं की घरच्या राउटरमध्ये तो एक नाव आणि पासवर्ड भरून जातो. "तुमचा आयडी संपलाय, रिचार्ज करा," असं तो म्हणतो तेव्हा तो ज्याला 'आयडी' म्हणतो ती रेडियस सर्व्हरमधली एक ओळ असते. इंटरनेट विकायला सरकारचा परवाना लागतो: देशभर सेवा द्यायचा 'अ' वर्गाचा, एका राज्यापुरता 'ब' वर्गाचा आणि टेलिफोन खात्याच्या एका दुय्यम विभागापुरता, म्हणजे ढोबळमानानं जिल्ह्याएवढ्या भागापुरता, 'क' वर्गाचा. गावोगावचे केबलवाले अशाच कुणा परवानाधारकाच्या हाताखाली काम करतात. रात्री बारा वाजता योजना संपली, सकाळी पैसे भरले आणि दोन मिनिटांत नेट सुरू झालं, यामागे कुणी खांबावर चढलेलं नसतं. एका ओळीतली तारीख बदललेली असते.

मग हीच सोय इमारतीच्या आत का नाही? केबलवाला मालकाला एक आयडी देतो आणि मालक तो साठ जणांत वाटतो. मोजदाद दारापर्यंत येऊन थांबते.

*

आत ती कशी न्यायची, ते जरा जवळून बघू.

पोराच्या फोनवर वाय-फाय निवडल्यावर नुसता पासवर्ड न विचारता नाव आणि पासवर्ड दोन्ही विचारले जातात. छतावरच्या ॲक्सेस पॉइंटला, म्हणजे वाय-फाय देणाऱ्या तबकडीला, ते खरं की खोटं हे माहीतच नसतं. तो 'ॲक्सेस-रिक्वेस्ट' नावाचं पाकीट करून १८१२ क्रमांकाच्या दारानं सर्व्हरकडे पाठवतो. सर्व्हर यादी बघतो आणि उत्तर देतो: 'ॲक्सेस-ॲक्सेप्ट' किंवा 'ॲक्सेस-रिजेक्ट'. गंमत 'ॲक्सेप्ट'मध्ये आहे. नुसतं 'येऊ द्या' एवढंच त्यात नसतं; 'येऊ द्या, पण दोन एमबीपीएसच द्या, आणि चार तासांनी बाहेर काढा,' असं शेपूटही जोडता येतं. वेळेच्या शेपटाला 'सेशन-टाइमआउट' म्हणतात. वेगाचं शेपूट प्रत्येक कंपनीच्या यंत्राला वेगळं लागतं. छोट्या इंटरनेटवाल्यांकडे हमखास सापडणाऱ्या लाटव्हियाच्या मिक्रोटिक राउटरला त्याची स्वतःची भाषा, दुसऱ्याला दुसरी. बसवणारा इथे चुकला तर ओळख पटते, नेट सुरू होतं, पण मर्यादा लागत नाही.

पोरगं आत गेलं की दुसरा धागा सुरू होतो, हिशेबाचा. ॲक्सेस पॉइंट १८१३ च्या दारानं कळवतो: 'स्टार्ट', अमुक वाजता. मग ठरावीक वेळानं 'इंटरिम': इतके बाइट वर गेले, इतके खाली आले. शेवटी 'स्टॉप'. या तीन तऱ्हेच्या नोंदींवर सगळा कोटा उभा आहे. आणि त्यातही एक खोच. 'इनपुट' म्हणजे पोरानं उतरवून घेतलेला डेटा असं कुणालाही वाटेल; पण नोंद ॲक्सेस पॉइंटच्या बाजूनं होते, त्याला जे आत आलं ते पोरानं पाठवलेलं असतं. त्यामुळे 'आउटपुट' म्हणजे डाउनलोड. नवशिके हमखास उलटं धरतात, आणि मग व्हिडिओ बघणारा मोकळा सुटतो, गृहपाठाचे फोटो पाठवणाऱ्याचा कोटा संपतो.

याहून मजेदार चूक चार जीबीची. बाइट मोजायचा मूळ आकडा ३२ बिटांचा आहे. ४,२९,४९,६७,२९६ बाइट झाले, की तो जुन्या स्कूटरच्या किलोमीटरसारखा शून्यावर येतो. ज्यांनी ही पद्धत आखली त्यांच्या काळात मोडेमवरून एका बैठकीत चार जीबी ओढणं स्वप्नातही नव्हतं. म्हणून २००० सालीच 'गिगावर्ड्स' नावाची जोडनोंद आली. आकडा किती वेळा शून्यावर आला ते ती सांगते. बसवणाऱ्यानं ती मोजणीत धरली नाही, तर एका दमात साडेचार जीबी ओढणारा पोरगा नोंदीत अर्धा जीबी वापरणारा साधा मुलगा दिसतो. "लिमिट टाकलंय, पण लागंना," अशी तक्रार आली की आधी हे तपासावं.

आणि मग वीज. मराठवाड्यातल्या कुठल्याही यंत्रणेची परीक्षा अमेरिकेच्या दस्तऐवजात होत नाही, ती वीज जाते तेव्हा होते. समजा, कोट्यावर ताण नको म्हणून मालकानं नियम केला: एका आयडीवर एकाच वेळी एकच फोन. संध्याकाळी साडेसातला वीज गेली. सर्व्हर ऑफिसच्या इन्व्हर्टरवर, तो चालू राहिला. मजल्यावरचे ॲक्सेस पॉइंट इन्व्हर्टरवर नाहीत, ते बंद पडले. बंद पडताना त्यांनी 'स्टॉप' पाठवलाच नाही, पाठवणार कशानं? सर्व्हरच्या वहीत साठही पोरं अजून आत आहेत. आठला वीज आली, पोरांनी फोन जोडला, आणि सर्व्हर म्हणाला, तुम्ही आधीच आत आहात, दुसरा फोन चालणार नाही. साठच्या साठ बाहेर. मालकाला फोन, मालकाचा केबलवाल्याला फोन, केबलवाला म्हणतो माझी लाइन चालू आहे. तो खोटं बोलत नाही.

उपाय नियमांतच आहे. ॲक्सेस पॉइंट पुन्हा सुरू झाला की त्यानं 'अकाउंटिंग-ऑन' अशी हाळी द्यायची आणि सर्व्हरनं त्याच्या नावावरच्या सगळ्या उघड्या नोंदी बंद करायच्या. पण स्वस्तातली यंत्रं ही हाळी देतातच असं नाही, दिली तर सर्व्हर ती ऐकतोच असंही नाही. त्यामुळे दुसरी सोय हवी: इंटरिम नोंद पंधरा-वीस मिनिटं आली नाही तर ती बैठक संपली असं धरायचं. आणि तिसरी, सगळ्यांत सोपी: ॲक्सेस पॉइंटही इन्व्हर्टरवर घ्या. छतावरच्या त्या पांढऱ्या तबकडीला वीज कितीशी लागते? पंख्याहून कमी.

*

हे सगळं करायला काय लागतं? सर्व्हरचं सॉफ्टवेअर फुकट आहे. 'फ्रीरेडियस' हा प्रकल्प १९९९ साली सुरू झाला आणि जगातल्या मोठमोठ्या कंपन्या, विद्यापीठं तेच वापरतात. साठ पोरांचा भार अडगळीतला जुना संगणकही सहज पेलतो. खर्च होतो तो चांगल्या ॲक्सेस पॉइंटवर आणि जाणत्या माणसावर. आणि तसा माणूस मिळणं या दोन शहरांत अवघड असायचं कारण नाही. नांदेडला विष्णुपुरीत श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून आहे, लातूरला पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून हजेरीचं ॲप शंभराव्यांदा करण्यापेक्षा एका वसतिगृहात माणशी आयडी बसवून दाखवावा, असं त्या मुलांना सांगावंसं वाटतं. वीज गेल्यावर काय होतं ते पाठ्यपुस्तकात नाही.

वाटा दोन आहेत, आणि मला पहिली फारशी आवडत नाही. ती म्हणजे खुलं वाय-फाय आणि जोडल्यावर उघडणारं पान. त्यात नाव-पासवर्ड किंवा छापील कुपनचा क्रमांक टाकायचा. बसवायला सोपी, म्हणून सगळीकडे तीच दिसते. पण खुल्या नेटवर्कवर फोन आणि ॲक्सेस पॉइंट यांच्यामधलं बोलणं हवेत उघडं असतं. दुसरी वाट ८०२.१एक्स नावाच्या मानकाची, फोनच्या सेटिंगमध्ये जिला 'एंटरप्राइझ' म्हणतात ती. प्रत्येकाची किल्ली वेगळी, एकाचं बोलणं दुसऱ्याला वाचता येत नाही. अडचण पहिल्या जोडणीत येते. फोन प्रमाणपत्राबद्दल विचारतो आणि आपली सवय 'तपासू नका' दाबायची. तसं केलं तर शेजारी कुणी त्याच नावाचं खोटं वाय-फाय उभं करून पासवर्ड गोळा करू शकतो. २०२० च्या अखेरीपासून अँड्रॉइडनं हा पर्याय काढून टाकायला सुरुवात केली. पोरं वैतागली, पण बरं झालं.

ज्यांना एवढं झेपत नाही त्यांच्यासाठी मधली वाट आहे: नाव एकच, पण प्रत्येकाला वेगळा पासवर्ड. बऱ्याच कंपन्यांच्या ॲक्सेस पॉइंटांत ही सोय असते. कुणी खोली सोडली की त्याचाच पासवर्ड रद्द, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. पंधरा-वीस जणांच्या वसतिगृहाला एवढं पुरतं.

कुठलीही वाट घ्या, पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर ठेवू नका. तो रूम पार्टनरला पाठ असतो. मग "माझे दीड जीबी सकाळीच कसे संपले?" या प्रश्नावरून खोलीत जी भांडणं होतात ती कुठलाही सर्व्हर मिटवू शकत नाही. आणि पोरानं स्वतः निवडलेला पासवर्डही नको. तो बहुधा त्याच्या इन्स्टाग्रामचाही असतो, आणि काही पद्धतींत सर्व्हरला तो उघड्या रूपात किंवा जवळपास तशाच रूपात साठवावा लागतो. आपला पासवर्ड वसतिगृहाच्या संगणकात वाचता येतो हे पोरांना माहीत नसतं.

रेडियस निर्दोष आहे असंही नाही. ॲक्सेस पॉइंट आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं एमडी५ या जुन्या पद्धतीवर उभं आहे, आणि जुलै २०२४ मध्ये संशोधकांनी 'ब्लास्ट-रेडियस' हा हल्ला जाहीर केला: मध्ये बसलेला माणूस 'रिजेक्ट'चं 'ॲक्सेप्ट' करू शकतो. ८०२.१एक्सची वाट धरणारे यातून सुटतात, पानावर पासवर्ड घेणारे अडकू शकतात. सर्व्हर इमारतीबाहेर, दूर कुठे भाड्यानं घेतलेला असेल तर नवीन आवृत्ती बसवून घेणं आलंच.

*

आता पासवर्ड कुणाचा हे सरकारला कधीपासून खुपायला लागलं, ते पाहू. त्याचं उत्तर महाराष्ट्रातच आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला. तपास नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटपाशी पोचला. तिथे राहणारा अमेरिकन नागरिक. त्याचं वाय-फाय दुसऱ्याच कुणी तरी वापरलं होतं. महिन्याभरात आणखी एक ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कवरून गेला, सप्टेंबरात दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून. तीन ठिकाणं, तिन्ही ठिकाणचे मालक अनभिज्ञ. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागानं सेवा देणाऱ्या कंपन्यांना बजावलं: सार्वजनिक वाय-फायला ग्राहकाच्या फोटो ओळखपत्राची प्रत घ्या आणि वर्षभर ठेवा, किंवा नाव-पासवर्ड त्याच्या मोबाइलवर एसएमएसनं पाठवा. विमानतळावर, रेल्वे स्थानकावर आपण ओटीपी टाकतो त्याचं मूळ इथे आहे.

हजूर साहिब नांदेड स्थानकावर उतरलात की त्याचा नमुना बघायला मिळतो. सचखंडच्या दर्शनाला पंजाबातून आलेली कुटुंबं फलाटावर बसलेली असतात, गाडीला अवकाश असतो, आणि फोनवर रेलवायरचं पान उघडलेलं असतं. मोबाइल नंबर, ओटीपी, आणि रोजचा पहिला अर्धा तास फुकट. मार्च २०२१ मध्ये हे वाय-फाय चालवणाऱ्या रेलटेलनं पैसे देऊन घ्यायच्या योजना आणल्या तेव्हा १० रुपयांत दिवसाला ५ जीबी आणि ७० रुपयांत महिन्याला ६० जीबी असे दर होते. वेळ, वेग, जीबी, तिन्ही मर्यादा एकाच जागी आणि माणसागणिक. अमृतसरहून आलेल्या आजीला यातलं काही ठाऊक नसतं. नातू ओटीपी टाकतो आणि ती व्हिडिओ कॉलवर बोलते. चांगली यंत्रणा अशीच असावी.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारनं पीएम-वाणी योजनेला मंजुरी दिली. किराणा दुकानदार, चहावाला परवान्याशिवाय, नोंदणीशिवाय वाय-फाय विकू शकतो, ओळख पटवणं आणि हिशेब वरची संस्था बघते. कल्पना छान. पण मोबाइलचा डेटा इतका स्वस्त झाल्यावर टपरीवर पाच रुपयांचं कुपन कोण घेणार, हा प्रश्न योजनेच्या कागदात सुटलेला नाही. शिवाय दुकानदाराला मागची लाइनच महाग पडायची. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायनं त्याला घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त आकारू नका असा आदेश काढला. माझ्या मते या योजनेचं खरं गिऱ्हाईक टपरीवर नाही, वसतिगृहात आहे.

विद्यापीठांच्या जगात मात्र ही गोष्ट फार पुढे गेली आहे. नेदरलँड्समध्ये २००२ च्या सुमारास 'एड्युरोम'ची कल्पना निघाली: आपल्या संस्थेचा आयडी घेऊन दुसऱ्या संस्थेत जा, तिथलं वाय-फाय आपोआप जोडलं जातं. तिथला सर्व्हर तुमच्या नावापुढचं संस्थेचं नाव बघतो आणि प्रश्न तुमच्या घरच्या सर्व्हरकडे पाठवतो. पासवर्ड पाहुण्या संस्थेला दिसतच नाही. शंभराहून जास्त देशांत हे चालतं, भारतात एर्नेट इंडिया ते सांभाळते, आयआयटी मुंबई त्यात आहे. मागे रेडियसच. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेल्या महाविद्यालयांतून आलेला विद्यार्थी पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत गेला आणि त्याचा फोन न विचारता जोडला गेला, तर तो थोडा ताठ मानेनं आत जाईल. याला पैसे फार लागत नाहीत, इच्छा लागते.

*

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. आई-बापांना माणशी आयडीबद्दल सांगितलं की दुसरं वाक्य हेच येतं: "म्हणजे आमचा मुलगा काय बघतो ते कळेल?"

कळत नाही. रेडियसला तीन गोष्टी कळतात: कोण, केव्हापासून केव्हापर्यंत, आणि किती. काय बघितलं ते त्याच्या वहीत येत नाही. ते बघायचं तर वेगळी यंत्रं लागतात, आणि आजकाल बहुतेक संकेतस्थळांचं बोलणं कुलूपबंद असल्यानं त्यांनाही फक्त कुठल्या दारात गेला ते दिसतं, आत काय केलं ते नाही. तरीही काही विक्रेते 'मुलांवर पूर्ण नजर' अशी भाषा करून ही यंत्रणा खपवतात. ती भाषा फसवी आहे, आणि मालकांना तीच आवडते.

पण तीन गोष्टीही कमी नाहीत. एखादी मुलगी रात्री किती वाजता झोपते, रविवारी किती वाजता वसतिगृहात परतते, कुठल्या आठवड्यात तिचा फोन अजिबात जोडला गेला नाही, हे त्या ओळींवरून कुणालाही वाचता येतं. वॉर्डनलाही, आणि रिकाम्या वेळी ऑफिसच्या संगणकावर बसणाऱ्या कुणालाही. हजेरीच्या वहीला कुलूप असतं. या वहीला बहुतेक ठिकाणी 'ॲडमिन' हाच पासवर्ड असतो. नीटची तयारी करणारी बरीच मुलं सोळा-सतरा वर्षांची असतात. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती बालक धरलेली आहे, तिच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला सर्वसाधारणपणे मनाई केली आहे. त्याचबरोबर सायबर सुरक्षा बघणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवायला सांगितलं आहे. म्हणजे नोंद हवी, पण नजर नको. दोन्ही एकाच वेळी पाळता येतं: नोंदी सहा महिन्यांनी पुसल्या जाव्यात, त्या उघडायचा अधिकार एकाच माणसाला असावा, आणि पोलिसांनी लेखी मागितल्याशिवाय तो त्यानं वापरू नये.

काही मालक एक पाऊल पुढे जाऊन रात्री अकराला सगळ्यांचं नेट बंद करतात आणि त्याला शिस्त म्हणतात. परीक्षेच्या आदल्या महिन्यात दोनपर्यंत जागणारं लेकरू मग स्वतःच्या मोबाइल डेटावर जातं, त्या डेटाचे पैसे त्याच आई-बापांच्या खिशातून जातात, आणि मालकाच्या लाइनीवरचा भार हलका होतो. ही शिस्त नाही, काटकसर आहे. वेळेचं कुलूप लावायचंच असेल तर ते माणशी असू द्या. नियम सगळ्यांना सारखा हवाच असं नाही, म्हणून तर माणशी आयडी घ्यायचा.

तेव्हा पुढच्या जूनमध्ये लातूरला किंवा नांदेडला लेकराची खोली बघायला जाल तेव्हा डिपॉझिट भरण्याआधी मालकाला विचारा: आमच्या लेकराचा आयडी वेगळा आहे का, रोज त्याला किती जीबी मिळणार ते लिहून देता का, आणि खोली सोडल्यावर त्याच्या नावाच्या नोंदी किती दिवस ठेवता. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना मालक गडबडला, तर टाकी पुन्हा एकदा बघून घ्या.